मुनव्वरचाचांच्या नाकातली पहारेकरीण

मी एक पांढरी पेशी बोलतेय, जरा घाईतच. कनौजच्या मुनव्वरचाचांच्या कमरेच्या हाडात माझा जन्म झाला. डोळे उघडतात न उघडतात तोच रक्तातून हाकाटी आली, "नाकाकडे पळा!"

नाकाशेजारच्या पोकळीत पोचले, तर माझ्यासारख्या हजारोजणी दाटीवाटीने उभ्या. शत्रू कुठाय? कुणालाच ठाऊक नाही. जंतू नाही, काही नाही. असलीच तर भट्टीची धूळ. तरी मला स्वस्थ बसवेना. आमच्या पोटात विष असतं, ते मी ओतलं. अस्तर भाजलं, सुजलं, त्याला द्राक्षांसारखे कोंब लोंबू लागले. सुजेने आणखी बहिणींना हाका मारल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

चाचा गुलाबाच्या अत्तराचे कारागीर. फुलं उकळून अत्तर गाळायची तांब्याची देग भट्टीवरून कधी उतरवायची, ते तीस वर्षं त्यांचं नाक सांगे. आधीच्या बहिणींच्या प्रतापाने, माझ्या येण्याआधीपासूनच त्यांना वास येईनासा झाला होता, पण ते कुणाला सांगत नव्हते. नाक दमलंय समजून कानात वाळ्याच्या अत्तराचा फाया तेवढा दुप्पट ठेवायचे.

बाहेरचं मला दिसत नाही. हाडांतून ऐकू येतं, त्यावरून सगळं ताडते. एके दुपारी त्यांची लेक शमीमा ओरडली, "अब्बा, देग करपली! अख्खी गल्ली खोकतेय!"

चाचांनी मनगटावर थेंब चोळून हुंगला. "काहीतरीच! फर्मास उतरलाय गुलाब."

मग शमीमाने हळूच विचारलं, "कधीपासून, अब्बा?"

चाचांनी मनगट पुन्हा एकदा हुंगलं. मला फार शरम वाटली.

डॉक्टर म्हणाले, "जंतू नाहीतच, चाचा. तुमचंच रक्त तुमच्याशी भांडतंय."

"आयुष्यात कुणाशी भांडलो नाही, आणि आता रक्ताशी?"

गोळ्या सुरू झाल्या. बहिणी भराभर गळाल्या, सूज ओसरली, वारा वरपर्यंत जाऊ लागला.

आज सकाळी शमीमाने त्यांच्या नाकाखाली एक कुपी धरली.

"शी! हे करपट कुणी उतरवलं?"

"तुम्हीच. त्या दिवशीचं. मुद्दाम ठेवलं होतं."

चाचा हसले, मग हुंदके देत पुन्हा पुन्हा हुंगू लागले. "करपलंय गं पोरी! चांगलंच करपलंय!"

माझंही बळ आता सरलंय. चाचा, एवढंच ऐका, डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नका. तुमच्या हाडात माझ्या धाकट्या बहिणी जन्मतायत, आणि आमच्यातल्या एकीलाही निवांत बसायला कुणी शिकवलेलं नाही.