एकेचाळीस पानं आणि सैल पिन

लॅपटॉप बंद करायला आईनं बोट पुढे केलं आणि मी किंचाळले, "हात लावू नकोस!"

ती दचकलीच. दुपारी तिचं ऑपरेशन होतं. बॅग दारात, मावशी खाली गाडीत. "अगं, जाताना बंद नको करायला?"

माझी नजर लॅपटॉपच्या बाजूला खोचलेल्या पेनड्राइव्हवर होती.

चूक माझीच. हा पिटुकला लॅपटॉप मी स्वस्तात आणलेला. त्याची मूळची सिस्टिम सुरू व्हायलाच वीस मिनिटं घ्यायची. मग मी दीडशहाणी! पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे दुसरी हलकी सिस्टिम, चालू करून दिली. म्हटलं, आधी वापरून बघ, आवडली तर आत कायमची बसवते. तिला आवडली आणि मी बसवायची विसरले. लांब राहून उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय! असं नुसतं वापरून बघताना लिहिलेलं कुठेच साठत नाही, बंद केलं की सगळं पुसलं जातं. तीन आठवडे ती चार्जरची वायर लावून फक्त झाकण मिटत होती, म्हणून तरलं.

त्यात आईनं लिहिलेली एकेचाळीस पानं होती, दादाला कसं सांभाळायचं त्याची. दादा बेचाळीस वर्षांचा, पण शर्टाची बटणं आईच लावते. आजपासून तो माझ्या जिवावर. आणि आई बरी होऊन येईलच, असं डॉक्टर काही छातीठोकपणे सांगत नव्हते.

"वायर कुठाय?"

"काढली की मघाशीच."

लावली तर पिन सैल. दिवा लागे, विझे. बॅटरी चार टक्के.

"साधी वायर नीट ठेवता येत नाही तुला?"

"माझ्यावर कशाला डाफरतेस? तूच आणलंस ना हे कार्टं!"

खरं होतं. माझे हात टायपिंगला हवे होते, तिला पिन जागेवर धरून ठेवता येईना.

"दादाला दे," ती म्हणाली.

"तो? दोन मिनिटं एका जागी बसत नाही तो!"

"दे म्हणते ना." तिनं दादाला जवळ बसवून त्याची बोटं पिनेवर ठेवली. "धर, दादा."

दिवा लागला आणि तसाच राहिला. मी फाइल स्वतःला मेल केली. ते चक्र फिरतंय, फिरतंय, आणि माझी पाचावर धारण बसलेली. गेली एकदाची! मोबाइलवर उघडून पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं आणि मला रडूच फुटलं.

मावशीनं खालून हॉर्न वाजवला. आईला धरून जिना उतरवला, गाडीत बसवलं. "येते हं," ती म्हणाली. गाडी वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. मग तिथंच पायरीवर बसून वाचायला लागले.

नववं पान. 'काही धरायला दिलं तर "सोड" म्हणेपर्यंत तो सोडत नाही. हात दुखला तरी सांगत नाही. विसरू नकोस.'

धावत वर गेले. दादा तसाच बसला होता, बोटं पांढरी पडलेली.

"सोड, दादा. सोड रे राजा."

त्यानं माझ्या मागं दाराकडे पाहिलं, बराच वेळ. मग पिन सोडली आणि माझा हात धरला, घट्ट.

मी 'सोड' म्हटलं नाही.