रिकामी गाडी

सिक्स्टेनने शेवटचा नट आवळला, पाना फरशीवर ठेवला आणि गाडीखालून सरकत बाहेर आला. जॅक उतरवला. जुन्या लांबलचक व्होल्वोची मागची बाजू खाली आली आणि हवी तिथे थांबण्याऐवजी आणखी दोन बोटं खाली गेली.

"अजून बसलेलीच आहे," गुनवोर दारातून म्हणाली. तिच्या हातात कॉफीचा थर्मास होता.

"दोन-तीन किलोमीटर हलली की वर येईल. हे शॉकअप तसेच असतात. वजन पडलं की रस्त्यावरच्या हिसक्यांनी आपोआप तेल चढवतात आणि गाडी सरळ करतात."

"कुणाचं वजन? गाडी रिकामी आहे, हे तूच सांगतोस ना दोन वर्षं?"

सिक्स्टेन हात पुसत राहिला. रिकाम्या गाडीला दोन बोटं खाली जायचं काही कारण नव्हतं. शॉकअप नवे आहेत, कडक असतील, असं त्याने मनाला समजावलं. मनाला ते फारसं पटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलच्या शेवटी, गुनवोरचा नवरा हाल्वार गळ घेऊन तळ्याच्या बर्फावर गेला आणि परत आला नाही. बर्फ पातळ झालाय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, हाल्वारलाही. सापडली ती काठावर उभी असलेली ही गाडी. शॉकअप गळत होते म्हणून सिक्स्टेनने घाईघाईत साधे बसवून दिले आणि तिथेच चुकला. या गाडीच्या स्प्रिंगा मुळातच नरम, अर्धा भार शॉकअपच उचलायचे. साध्यांनी तो उचलला नाही आणि मागची बाजू बसली. आज कुठे त्याने मूळच्या जातीचे परत टाकले होते.

गुनवोरने मात्र त्याचा वेगळाच अर्थ लावला. मासेमारीनंतर ती गाडी चालवायची आणि हाल्वार मागे जाळ्यांशेजारी घोंगडीवर आडवा व्हायचा. अजूनही होतो, असं ती म्हणू लागली. मागची घोंगडी तिने कधी काढली नाही. मुलीने स्टॉकहोमहून कागद पाठवला होता, वडिलांना मृत घोषित करायचा अर्ज. त्यावर तिने सही केली नव्हती. मागे बसलेल्या माणसाला मेलेला कसं लिहू, एवढंच तिचं म्हणणं.

"गुनवोर, एक सांगायचंय," सिक्स्टेन म्हणाला. "गाडी बसली ती माझ्यामुळे. साधे शॉकअप टाकले मी. तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू त्याच्याशी बोलायला लागली होतीस. माझी जीभ रेटेना."

तिने कॉफी ओतून कप त्याच्या हातात दिला. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोस आणि चुकायला माझीच सापडली," ती म्हणाली. मग गाडीकडे बघत, "आता ही वर आली, तर आत कुणी आहे की नाही ते कळणारच नाही?"

"बघून नाही कळायचं."

"मग तळ्यावर चल. कागद घेतलाय मी."

गाडी सिक्स्टेनने चालवली. खडीच्या रस्त्यावर मागची बाजू हळूहळू वर येत गेली. आरशात आधी नुसता मागचा रस्ता होता, आता आभाळ दिसू लागलं.

तळं बर्फातून पूर्ण मोकळं झालं होतं. दुपारचं ऊन पाण्यावर पडलं होतं आणि वारा अजिबात नव्हता. गुनवोर उतरली, मागे गेली आणि डिक्कीचं दार वर उचललं.

"उतर, हाल्वार," ती म्हणाली. घरी रोज बोलावं तसंच. "इथवरच. मला पुढे जायचंय रे."

म्हाताऱ्या माणसाला गाडीतून उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती थांबली. सिक्स्टेन तिच्यापासून दोन पावलांवर उभा होता. गाडीला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

मागची बाजू चार बोटं वर उचलली गेली. क्षणभर तशीच राहिली. मग सावकाश, सुस्कारा टाकावा तशी, खाली येऊन सरळ थांबली.

हे त्याने दर शरद ऋतूत पाहिलं होतं. शिकारीहून परतल्यावर तो आणि हाल्वार मारलेलं घोड्याएवढं एल्क हरीण मागून ओढून काढत, तेव्हा गाडी अशीच उसळायची आणि मग हळूच जागेवर यायची. वजन उतरल्याशिवाय ती असं कधीच करत नाही.

त्याने वाकून आत पाहिलं. घोंगडीच्या मधोमध एक खळगा होता. लोकर हळूहळू फुलून वर येत होती.

गुनवोरने दार लावलं.

"आता रिकामी आहे ना?"

"हो," सिक्स्टेन म्हणाला. "आता आहे."

तिने कोटातून कागद काढला, बॉनेटवर पसरला आणि पेनासाठी हात पुढे केला. खिशाचं बटण उघडायला त्याला जरा वेळ लागला.