माझ्या हौद्यातलं पिल्लू

मी एक जुना टेम्पो आहे, मित्रांनो. खाऱ्या वाऱ्याने माझा निळा रंग पोपडून गेला आहे. मिठाची पोती वाहता वाहता मी आणि माझे मालक बुधाजी बरोबरच म्हातारे झालो. त्यांचे गुडघे धरले तेव्हा त्यांची लेक विनिता माझ्या स्टिअरिंगवर बसली. तिला नावं ठेवणारेच पुढे भाड्यासाठी तिला फोन करू लागले.

गेल्या हिवाळ्यात माणगावात एका शेटने अननसाच्या पेट्या भरल्या. रेवदंड्याच्या धक्क्यावर होडी थांबली होती. शेट स्वतः विनिताशेजारी बसला. रोहा मागे पडलं आणि माझ्या हौद्यातून गुणगुण येऊ लागली, डब्यात भुंगा कोंडावा तशी.

"तुझ्या इंजिनचा पट्टा वाजतोय," शेट म्हणाला.

आवाज माझा नव्हता. विनिताने कडेला थांबून इंजिन बंद केलं. मी गप्प झालो. गुणगुण चालूच राहिली. पट्टा बघते म्हणून ती खाली उतरली आणि मागे जाऊन पेटीच्या फटीतून डोकावली. आत अस्वलाचं पिल्लू होतं, स्वतःचाच पंजा चोखत गुणगुणत.

ती परत येऊन बसली आणि मला सुरू केलं. धक्क्याचा फाटा आला आणि तिने मला सरळ चौलकडे दामटलं.

"अगं, फाटा गेला!"

"इंजिन तापलंय शेट. आत्याच्या वाडीत पाणी घालू, न्हायतर गाडी चढाला बंद पडंल."

वाडीच्या अरुंद गल्लीत तिने मला आडवं लावलं, चावी कमरेला खोचली आणि विहिरीमागे जाऊन वनखात्याला फोन केला. शेटच्या ते ध्यानात आलं. माझ्या सीटखालची टॉमी, चाक खोलायचा लोखंडी दांडा, उचलून तो तिच्यावर धावला.

"चावी दे!"

मध्ये ठमाबाई आत्या उभी राहिली. नारळ सोलता सोलता उठली होती. कोयता हातातच होता. "माझ्या भाचीला हात लावून तर बघ," ती शांतपणे म्हणाली. शेजारच्या वाड्यांतल्या बायाही जमल्या. शेटने टॉमी खाली टाकली.

वनरक्षक प्रांजली माणसं घेऊन आली. पेटी उघडताच पिल्लाने विनिताचं बोट तोंडात धरलं.

"नाचवायला नाकात वेसण घालतात, ती अजून घातलेली नाही," प्रांजली म्हणाली. "वेळेवर अडवलंत, ताई."

शेटला बेड्या पडल्या. धक्क्यावरची होडीही त्याच दुपारी पकडली, तिच्यात आणखी एक पिल्लू निघालं. दोघांना जवळ ठेवताच ती एकमेकांच्या केसांत तोंड खुपसून झोपली. त्या दिवशी चौलच्या बायांनी माझ्या बॉनेटला हार घातला. इतक्या वर्षांत असा मान मला कधी मिळाला नव्हता.

आता ती दोघं प्राण्यांच्या संगोपन केंद्रात आहेत. विनिता कधी कधी त्यांच्यासाठी माझ्यातून कलिंगडं नेते. चांगली धिप्पाड झाली आहेत. वारूळ उकरायला लागली की मातीचे लोट उडतात. पण ज्यांनी त्यांना पकडलं, त्यांनी त्यांची आई मारली होती. ती काही परत येणार नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, कुणी अस्वल नाचवत असेल तर टाळ्या वाजवू नका. त्याची नखं, त्याचे केस ताईत म्हणून गळ्यात बांधू नका. तडक वनखात्याला कळवा. रानातल्या आईकडून तिचं लेकरू हिसकावणाऱ्याची वाट अडवायला आपल्यातलं कुणीही पुरतं.