पान दोन, पाच आणि अडतीस

मी वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी, आणि सध्या सुतळीने गठ्ठ्यात बांधलेली. हसू नका, बांधलेल्या वहीलाही बोलावंसं वाटतं. मला तर आज फार वाटतंय.

आकांक्षाने मला अमरावतीला घेतलं. कॉलेजात हरिहर सरांनी प्राण्यांच्या वर्तनाचा विषय सुरू केला, तेव्हा पहिली ओळ माझ्यावर उमटली : 'दिसेल ते लिहा. अर्थ नंतर काढा.' आकांक्षाला ती इतकी आवडली, की तिने खाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या पानावर खबरदारी होती : जनावराला कुत्रं चावलेलं असेल आणि पुढे त्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, तर ते पिसाळलेलं असू शकतं, हात लावू नका. ते पान तिने घाईत उतरवलं. त्याखाली रेघ नाही.

निरीक्षणासाठी तिने भातकुली गावातल्या घरची गाय निवडली, चांदी. पान पाचवर नोंद आहे : 'अनोळखी कुत्र्याने गाईच्या नाकाला चावा घेतला. गाईने मान झटकली. चार सेकंद.' आईने हळद लावली आणि विषय संपला. सेकंद मोजल्याचा पोरीला कोण अभिमान! माणसं फार बारकाईने बघतात. बघून झालं की पान उलटतात.

सात आठवड्यांनी पान अडतीस आलं. चांदी घोगरं हंबरत होती, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या.

"हिच्या नरड्यात काईतरी अटकलं दिसते," बाबा म्हणाले. बाबांचा, म्हणजे किशोरभाऊंचा, गुरांवर भारी जीव.

"बाबा, जरा बाजूले व्हा न. मले दिसून नाही राह्यलं."

"तुले लिहाचं पडलं! तिचा जीव चालला."

त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. अंगठ्यावर कपाशीची वाळकी पऱ्हाटी उपटताना झालेली ताजी जखम होती. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं, पण वहीला कुठलं तोंड? आकांक्षाने लिहिलं : 'मालकाने उजवा हात तोंडात घातला. काही सापडले नाही.' तिसऱ्या दिवशी चांदी गेली.

सरांनी माझं पहिलं आणि शेवटचं पान पाहिलं, 'अक्षर सुंदर' लिहून सही केली आणि मला गठ्ठ्यात टाकलं. हात घातल्याला आज सहावा दिवस.

आत्ता आकांक्षा कॉलेजात वर्गाच्या वह्या न्यायला आली आहे. एका हातात गठ्ठा, दुसऱ्या हातात फोन.

"बाबा, आंगठा कसा हाय?"

"भरला न वं. कायले फिकर करून राह्यली?"

ती हसली. मला धडकी भरली. जखम वरून भरते. लाळेतून आत शिरलेलं विष पुढे सरकतच असतं. रेबीजची इंजेक्शनं अजून घेता येतील, पण आजच.

आकांक्षा, सुतळी सोड. पान दोन, मग पाच, मग अडतीस, ओळीने वाच. अर्थ काढायची वेळ आली गं. आणि तोवर बाबांचा फोन ठेवू नकोस.