पळून गेलेली

दगड कपाळावर बसला, तशी मुलगी जागच्या जागी थांबली. पुढे उभ्या असलेल्या आईने वाकून दुसरा उचलला.

"घरी जा! आणखी एक पाऊल टाकलंस तर याद राख!"

मुलगी रडत घरी आली. जखम पुसताना पाववाल्या बापाने एवढंच विचारलं, "कुठल्या रस्त्याने गेली?" तिने बोट दाखवलं. बापाने त्या रस्त्याकडे क्षणभर पाहिलं आणि दार लावून घेतलं. शेजाऱ्यांना सांगितलं, "बायको पळाली." दुसऱ्या दिवशी भट्टी नेहमीसारखी पेटली.

एकोणिसावं शतक सरायला तेव्हा बरीच वर्षं होती. मुलगी मोठी झाली, भट्टी तिच्या हाती आली, लेकरं झाली. कुणी कामातून अंग काढून घेतलं, की घरात म्हणायचे, "आजीवर गेलास बघ!" सगळे हसायचे. तीही हसायची. "काळीज दगडाचं होतं तिचं," एवढंच म्हणायची.

तिच्या म्हातारपणी तिची नात नर्स झाली. घटसर्पाच्या वॉर्डातून ती एका दुपारी घरी आली, तेव्हा तिची चिमुरडी हात पसरून धावली.

"तिथेच थांब! पुढे आलीस तर फटका देईन!"

पोरीने भोकाड पसरलं. ओसरीवर मटार सोलत बसलेली म्हातारी करवादली, "लेकराला असं बोलतात होय?"

"रडू दे, आजी. कपडे बदलून अंघोळ होईपर्यंत जवळ नको. गोड बोलून थांबते का ती?"

म्हातारीचे हात थांबले. नात अंघोळ करून आली, तरी शेंग तशीच हातात होती.

"त्या महिन्यात पटकीची साथ होती," म्हातारी म्हणाली. "आदल्या दिवसापासून आईने पिठाला हात लावला नव्हता. लाकडांच्या खोलीत एकटीच निजली होती. भिंतीआड ओकताना मी पाहिलं होतं गं तिला."

नात तिच्याजवळ बसली. "आणि तुझ्या बाबांना माहीत नव्हतं?"

"असणारच. पण पटकीच्या घरचा पाव कोण विकत घेतं? पळाली म्हटलं, की दुकान चालतं."

"मग तिचं पुढे काय झालं?"

म्हातारी रस्त्याकडे बघत राहिली.

"पळून गेलेल्या बाईला शोधायला कोण जातं, बाळ?"