तळ्याकाठचं गवत

माझा दीर राणमल याला गुरांमधलं काही कळत नाही, असं मी बोलले तर गाव हसेल. गिरच्या जत्रेत तीनदा त्याच्या गाई पहिल्या आल्या. तिन्ही वेळा मानाचा फेटा त्यानं स्वतःच्याच डोक्याला बांधून घेतला. धारा काढणारी, शेण भरणारी माझी जाऊ जीवी तेव्हा घरी गोठा झाडत होती.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या काबरी गाईच्या जबड्याखाली सूज आली, पाणी भरल्यासारखी लिबलिबीत. शेण पातळ, आणि वास असा की गोठ्यात उभं राहवेना.

"नजर लागली. लोकांना माझं चांगलं बघवत नाही," राणमल म्हणाला. त्यानं विळा चुलीत लाल केला आणि सुजेवर दोन डाग दिले. काबरी हंबरली, तशी जीवीनं कान झाकून घेतले. आमचे गुरांचे पंडित मिशीला पीळ देत उभे!

दुसऱ्या दिवशी जीवीनं डब्यात शेण भरलं. मी सोबत निघाले.

"कुठं चालल्या दोघी?" राणमलनं अडवलं.

"गुरांच्या दवाखान्यात, डॉक्टर निरालीबेनकडे."

"ती शेण चिवडणारी पोरगी? तिच्या बापानं कधी गाय पाळली होती का?"

निरालीबेननं शेण काचेवर घेऊन यंत्राखाली पाहिलं. "जीवीबेन, पोटात चपटे जंत झालेत. तळ्याकाठच्या गोगलगाईंमधून ते गवतावर येतात, गवताबरोबर गाईच्या पोटात जातात. सगळ्या गुरांना औषध पाजा. आणि काठावर चरायला सोडू नका."

औषधाच्या बाटल्या बघताच राणमल भडकला. "माझ्या आजोबांच्या गाई त्याच काठावर चरल्या. मला शिकवता?" काबरीची बाटली त्यानं अंगणात ओतली. बाकीच्या जीवीनं पदराखाली दडवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी काबरी गेली. निरालीबेननं येऊन तिचं पोट फाडून दाखवलं. आतून डाळिंबाचे दाणे चिकटवावेत तसे गुलाबी जंत, हजारोंनी. राणमल नाक दाबून लांब उभा.

"मेल्यावर पडले असतील," तो म्हणाला.

"काका, तिला जाऊन दोन तास झालेत," निरालीबेन म्हणाली. तिनं हसू आवरलं, मला आवरलं नाही.

जीवी मात्र हसली नाही. काबरी तिच्या हातात जन्मली होती. ती उठली आणि उरलेल्या सहाही गाईंची दावी तिनं हाताला गुंडाळली.

"आजपासून गाई माझ्या. हात लावलात तर त्याच विळ्यानं तुम्हाला डाग देईन."

मी एकेका गाईचं तोंड वर धरलं, जीवीनं औषध पाजलं. त्यातल्या दोन गाईंना सूज होती, ती महिन्याभरात उतरली. सहाही जगल्या.

आता राणमल चौकात चहा पीत सांगतो, "डाग दिला म्हणून नजर काबरीवरच अडकली, बाकीच्या वाचल्या." ऐकणारे माना डोलावतात. परवा एकानं विचारलं, "जीवीभाभी दिसत नाहीत?"

"असेल कुठंतरी," तो म्हणाला.

जीवी तळ्यावर होती, काठानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालत. आम्ही अकरा बायका होतो. चौकातून तळं समोरच दिसतं. एकही बाप्या उठून आला नाही.