गुरगुरणारा ॲम्प्लिफायर

धाकट्याने गिटारसाठी जुन्या रेडिओत असतात तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्वतःच्या हातांनी बनवला होता. आराखडा कागदावर कुठेच नव्हता. सगळा त्याच्या डोक्यात. मग पक्षाघाताने त्याची वाचा गेली आणि पाठोपाठ ॲम्प्लिफायरही गुरगुरायला लागला. ताईने उभा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात घालवलेला. "हात्तिच्या, एवढंच ना!" म्हणत ती पदर खोचून बसली.

तिने व्हॉल्व्ह बदलले, कपॅसिटर नवे घातले, सोल्डरिंग पुन्हा केलं. गुरगुर जैसे थे. उघड्या पेटीत तारांचं जंगल माजलेलं, आणि कुठली तार कशासाठी वळवली हे एकट्या धाकट्याला ठाऊक. तो समोरच खुर्चीत बसला होता.

"अर्थिंगची गडबड आहे का रे?"

"हो." आजारानंतर तेवढा एकच शब्द त्याच्याकडे उरला होता.

ताईने अर्थिंग बदलून पाहिलं. फरक शून्य. "मग ट्रान्सफॉर्मर?"

"हो."

"की ही तार?"

"हो, हो!" तो कळवळून म्हणाला. डोळे मात्र नाही म्हणत होते. शेवटी तो स्वतःच पुढे वाकला आणि धड राहिलेला डावा हात त्याने पेटीत घातला. ताईने झडप घालून तो मागे ओढला; आत जीव घेईल इतका करंट होता.

"माझं चुकतंय, कळतंय मला," ती म्हणाली. "पण तुझ्या मनातलं मी कसं बाहेर काढू, बाळा?"

तिने बटण बंद केलं. खोली शांत झाली, तसा तो हुंदके देऊन रडू लागला. ताईला त्याचा हात सोडवेना.